शेवटचा हात

“अजून थोडं काढा. कडेनं,” मास्तर म्हणाले.

कारागिरानं तारा सैल केल्या, तारांखालची लाकडी घोडी उचलून बाजूला ठेवली आणि गिटार बाकावर आडवी घेतली. गिटार अजून कोरीच होती, पॉलिश व्हायचं होतं. पुढची फळी मधे फुगीर, कडेला उतरती. एका जाड लाकडातून त्यानं ती पोखरत, खरवडत, बोटांनी ठोकून कान देत घडवली होती. अशा गिटारी तो एकट्यानं करायचा, एका वेळी एकच. जॅझ वाजवणारे त्याच्यासाठी वर्ष वर्ष थांबायचे. कारखान्यातली गिटार कुणाच्याही हाताला चालते. ह्याची एका माणसासाठी झालेली असायची.

“मला तर आवाज आधीच मोकळा वाटत होता,” तो पातं हातात घेऊन म्हणाला.

“तुम्ही वाजवत नाही. मी वाजवतो.”

कारागीर गिटारीवर वाकला. पातं फिरलं. लाकडाचा पातळ पापुद्रा गुंडाळत खाली पडला.

आवाज मोकळा होता हे मास्तरांइतकं कुणालाच कळलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी गिटार मांडीवर घेतली होती आणि सहज एक ओळ वाजवली होती. एकेक सूर गोल, ऊबदार, बोट टेकायच्या आत उमटणारा. बोटं कुठे अडखळली नाहीत. मास्तरांनी असं कित्येक वर्षांत वाजवलं नव्हतं. पाठीमागं लोक म्हणायचे, मास्तरांचा हात गेला. मास्तर घरात म्हणायचे, हात जागच्या जागी आहे, गिटारीचाच आवाज बसलाय. म्हणायचे खरे, पण अलीकडे त्यांचा त्यांनाच ते पटेनासं झालं होतं. आणि आज कळलं की खरोखरच जुन्या गिटारीचा दोष होता.

आणि ही गिटार लेकीची होती.

हॉटेलातल्या बँडमध्ये ज्या खुर्चीवर मास्तरांचं आयुष्य गेलं, तिथं आता लेक बसायची. मालकानं विचारलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली होती. मास्तरांनीच मोठ्या मनानं तिला जा म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. तिनं ह्या कारागिराकडे गिटार करायला टाकलीय, हे त्यांना बँडच्या ड्रमवाल्याकडून कळलं. मग कारागिराचाच फोन आला. पॉलिश करायच्या आधी एकदा ऐकून जा म्हणाला, तुमच्यासारखा कान मला दुसरा मिळायचा नाही.

मास्तर आले. त्यांनी ऐकलं. खुर्ची तिला, टाळ्या तिला, आता हा आवाजही तिलाच. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि तोंड वाकडं करून सांगितलं की आवाज कोंदलाय, कड जाड राहिलीय.

कारागिरानं पुन्हा घोडी बसवली, तारा ताणल्या. मास्तरांनी वाजवून पाहिलं. थोडं बिघडलं होतं, पण जीव होता अजून. त्यांनी नुसती मान हलवली. पुन्हा तारा सैल झाल्या. पुढच्या खेपेला खालचे सूर घुमायला लागले, एकमेकांत मिसळायला लागले. मास्तरांनी अजून काढायला लावलं. कारागिराचा हात एकदा थबकला, त्यानं वर पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. मास्तरांचा कान आपल्यापेक्षा पक्का, असं मनाशी म्हणत तो पुन्हा खाली वाकला.

शेवटी तारा छेडल्या तेव्हा रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा आवाज आला. सूर उमटायचा आणि तिथंच बसकण मारायचा. मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली.

“आता जमली,” ते म्हणाले.

कारागिरानं हात पुसले. सकाळपासून पहिल्यांदाच तो मोकळा हसला. म्हणाला, आता सांगायला हरकत नाही. लेकीनं बजावलं होतं, बाबांना आधी कळू द्यायचं नाही, कळलं तर घेणारच नाहीत.

“शेवटचा हात मी ज्याची गिटार त्याला विचारूनच फिरवतो, मास्तर. ही तुमची. तिनं तुमच्यासाठी करून घेतलीय.”

मास्तरांच्या पायांखाली पापुद्र्यांचा ढीग पडला होता. त्यांनी वाकून त्यातला एक उचलला. मग त्यांनी विचारलं, कड पुन्हा जाड करता येते का. कारागिराला ती थट्टा वाटली. काढलेलं लाकूड परत कसं बसवणार, तो म्हणाला, पण काळजी नको, तुम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त काढलेलं नाही.

तेवढ्यात लेक आलीच, तालमीहून तशीच धावतपळत. बाबांच्या मांडीवर गिटार बघून तिचा चेहरा उजळला. एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं. मालकाशी बोलणं झालंय, शनिवारी दोन खुर्च्या मांडायच्या, एक बाबांची, एक तिची. आता एकदा वाजवा ना, म्हणाली.

मास्तरांनी सकाळचीच ओळ वाजवली. बोटं सकाळसारखीच चालली, एकही चुकलं नाही. गिटारीतून बद्द, थकलेले सूर निघाले. लेक मान खाली घालून ऐकत होती. एकदा तिनं गिटारीकडे पाहिलं.

“मास्तरांना हवी होती अगदी तशी झालीय,” कारागीर अभिमानानं म्हणाला. “शेवटपर्यंत स्वतः ऐकून करून घेतलीय त्यांनी.”

लेकीची नजर गिटारीवरून बाबांच्या बोटांवर गेली आणि तिथंच थांबली. मास्तरांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

ती जवळ आली आणि तिनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

“गिटार छानच झालीय बाबा,” ती हळूच म्हणाली. “हाताचं काय, वयानं होतंच असं. मनाला नका लावून घेऊ.”