रुसलेली मगर

"दोन कप चहा द्या," मोबाइलमधल्या भाषा शिकवणाऱ्या बाईमागोमाग मी कँटोनीजमध्ये म्हटलं. सत्तर वर्षं थापा मारण्यात तरबेज झालेली जीभ, पण मेली वळेचना!

माझा मुलगा हाँगकाँगच्या इस्पितळात वारला, तेव्हा उशाशी एकटी त्याची सासू होती. तिला फक्त कँटोनीज येतं. सून म्हणाली, "बाबा, मी विचारते ना आईला." पण मुलाचं शेवटचं बोलणं मला तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

आठ महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर मी स्वतःच विचारलं.

विहीणबाई सोपे सोपे शब्द निवडत सावकाश बोलल्या, "गोष्ट सांगत होता. तुम्ही मगरीवर बसून स्वतःच्या लग्नाला निघालात. कृष्णेच्या मधोमध मगर रुसून थांबली. एवढं सांगितलं आणि डोळे मिटले. व्याहीबुवा, पुढं काय झालं हो?"

तो लहान असताना ही थाप मी रोज रात्री मारायचो. पुढचं रचायची वेळ कधी आलीच नव्हती.

मोडक्यातोडक्या कँटोनीजमध्ये म्हणालो, "पुढं काही नाही. तो रोज इथंच झोपतो."