फळीचं माप

“काकाजी, अंदाज नाही चालत. काट्यावरचं वजन पाह्यजे,” फोनमधून कुलदीप म्हणाला.

गुणवंतानं आपल्या गोदामातल्या वजनकाट्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. फोन स्पीकरवर होता आणि त्याची मुलगी प्रणाली समोरच बसली होती, संत्र्याच्या रिकाम्या कॅरेटवर, भर दुपारी स्वेटर घालून.

कुलदीप हा त्याचा रामाकोन्याचा पुतण्या. दोन वर्षांपासून गोव्याकडे समुद्रावर लोकांना फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला शिकवायचा. पोरगं दिवसभर पाण्यात खेळतं आणि त्याला नोकरी म्हणतं, असं घरचे हसत. प्रणालीनं मात्र त्याचे सगळे व्हिडिओ पाठ केले होते. पांढुर्ण्याच्या जाम नदीपलीकडे तिनं पाणी पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती जाणार होती, आणि नुसती किनाऱ्यावर बसायला नाही.

“शिकणाऱ्याले मोठी फळी लागते,” कुलदीप समजावत होता. “लहान फळीवर नवा माणूस उभाच राहू शकत नाही, डुबते ते. पण लईच मोठी झाली त हलक्या माणसाच्यानं सांभाळत नाही. लाट आली का फळी तिकडे, माणूस इकडे. म्हून वजन विचारतो. चाळीसच्या वर असन त आठ फुटी ठेवतो, खाली असन त सात.”

“चाळीसच्या खाली कायले राहीन?” प्रणाली म्हणाली. “बाबा, डॉक्टर म्हणाले न, वजन वाढून राहिलं म्हून?”

“वाढून राहिलं न,” गुणवंता म्हणाला.

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. सोमवारी नागपूरला त्यांनी पोरीला बाहेर बसवलं आणि गुणवंताला सांगितलं, की आता औषधांचा मारा नको, तिच्या मनासारखं करा. हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती बिचारी आज शनिवार म्हणून जामसांवलीला मारुतीपुढे बसली होती. घरातला वजनकाटा त्यानं बिघडला असं सांगून माळ्यावर टाकून दिला होता. गोदामातला कसा टाकणार?

“चला, होऊन जाऊ द्या,” म्हणत प्रणाली उठली. काटा तीन पावलांवर होता. तेवढ्यानंही तिला दम लागला.

हा काटा म्हणजे गुणवंताची अब्रू होती. मोहगावचा शेतकरी कवडू चारचौघांत सांगायचा, गुणवंताच्या काट्यावर माल टाकावा आणि खुशाल चहा प्यायला जावं. वीस वर्षांत त्यानं कोणाचं पावभर खाल्लं नव्हतं. रिकाम्या कॅरेटचं वजन, म्हणजे बारदान, तेसुद्धा तो शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत तोलायचा, मोठ्यानं सांगायचा आणि मगच वजा करायचा. काटा मारणाऱ्याचं तोंड पाहू नये, असं म्हणणारा माणूस.

प्रणाली काट्यावर चढली. समोरच्या दांडीवर लाल आकडे हलू लागले. गुणवंता तिच्या मागे जाऊन उभा राहिला. त्यानं चप्पल काढली, उजव्या पायाचा अंगठा काट्याच्या पत्र्याच्या कडेवर ठेवला आणि दाबला.

आकडा वर गेला, थरथरला, थांबला.

“त्रेचाळीस!” प्रणाली ओरडली. कितीतरी महिन्यांत तिचा असा आवाज निघाला नव्हता. “ऐकलं का दादा? त्रेचाळीस भरलं!”

“वा! मंग आठ फुटीच काढून ठेवतो.”

गुणवंताला बरं वाटलं. खोटं केल्यावर इतकं बरं वाटतं, हे त्याला या वयात पहिल्यांदाच कळत होतं. मग ते कुलदीपचं बोलणं आठवलं, लाट आली का फळी तिकडे, माणूस इकडे. पण आता कोणत्या तोंडानं सांगणार? तो तसाच उभा राहिला.

प्रणाली दांडीला धरून खाली उतरली. उतरता उतरता तिची नजर आकड्यावर गेली.

काट्यावर कोणी नव्हतं आणि आकडा नऊ दाखवत होता.

ज्यानं जन्मात कधी काटा मारला नाही, त्याला पाय कधी उचलायचा हेही ठाऊक नसतं. गुणवंताचा अंगठा अजून तिथंच होता, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला.

प्रणालीनं आकडा पाहिला. अंगठा पाहिला. मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. गुणवंतानं मान खाली घातली.

“हॅलो? प्रणाली? आवाज येऊन राहिला का?”

“येऊन राहिला,” ती म्हणाली. “दादा, थोडं चुकलं. बारदान वजा कराचं राह्यलं.”

“किती होते बारदान?”

“नऊ.”

“चौतीस,” पलीकडे कुलदीप पुटपुटला. त्याच्यामागे समुद्राचा आवाज तेवढा येत राहिला.

“मंग सात फुटी ठेवतो,” तो शेवटी म्हणाला.

“हो, तेच ठेव. लवकर येतो आमी.”

तिनं फोन बंद केला. काट्याला वळसा घालून ती बापाजवळ आली आणि त्याच्या दंडाला धरलं.

“बाबा,” ती म्हणाली, “काढा आता पाय.”