बाटलीतला मावा

संत्र्याच्या पालवीवरचे मावा किडे चिरडून तिने प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा तपासले. तिसऱ्यांदाही झाडं मारणारा विषाणू सापडलाच. किडे ज्या बाटलीतून आले होते, तिच्यावर वडिलांचं अक्षर होतं. अहवालावरच्या लेकीच्याच सहीने आता बापाची बाग मुळासकट उपटली जाणार होती. कसाबसा धीर गोळा करून तिने फोन लावला.

"बाबा, आपली बाग गेली हो."

 पलीकडून बाबा हळूच म्हणाले, "आपल्या बागेतले किडे पाठवायचा धीरच झाला नाही गं. शेजारच्या काकांच्या बागेतले भरले. त्यांची झाडं ठणठणीत, म्हटलं आपण सुटू."

तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "काका कुठे आहेत?"

"इथेच होते. माझा चेहरा बघून पाणी आणायला धावलेत."