मधे कोरा खवला

लग्नाला वर्ष झालं, तरी बायकोच्या छोट्या लेकीनं त्याच्यापुढे तोंडाला कुलूपच लावलेलं. आज शाळेला सुट्टी म्हणून नाइलाजानं त्याच्या प्रयोगशाळेत आली. तळ्यातल्या माशांच्या खवल्यांवरच्या रेघा मोजून तो त्यांची वयं सांगायचा. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “काका, हा मधे कोराच आहे.” “आधीचा खवला गळला की असा नवा येतो. त्यात मागची वर्षं उमटत नाहीत. असले आम्ही टाकून देतो.” बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. तिचे वडील जाऊन तीन वर्षं झालेली. घरात कुणी त्यांचं नाव काढत नसे. “मागे काय झालं ते माशालाच ठाऊक,” तो म्हणाला. “त्यानं सांगितलं तर कळणार.” डोळा न उचलता ती म्हणाली, “बाबा मला पाठीवर घेऊन पोहायचे.” त्यानं चिमटा खाली ठेवला. “मग?”