बी गटाची पोरगी

“पोरीचा रक्तगट कोणता?” तोंडात पोह्यांचा घास असतानाच शेषेरावांनी विचारलं.

पोरगी बघायला आलेली माणसं शिक्षण विचारतात, स्वयंपाक विचारतात. पण नवऱ्या मुलाच्या या मामांना मोबाइलवर काहीतरी आलं होतं. कुठल्याशा कॉलेजातली पोरंपोरी तपासली म्हणे, अन् बी गटवाल्यांना लवकर चष्मा लागतो असं निघालं म्हणे. खरं-खोटं देव जाणे! मध्यस्थानं आदल्या दिवशीच चाकूरला, पोरीच्या घरी, फोन करून सावध केलं होतं, “चष्म्याची पोरगी मामाला चालत न्हाई.”

पोरीचा, म्हणजे राजकन्येचा, गट बी होता आणि चष्मा पाच नंबरचा.

“ओ पॉझिटिव्ह,” ती म्हणाली. आईनं सकाळपासून तेच घोकून घेतलं होतं. चष्मा आईच्या कमरेला, पदराखाली खोचलेला.

“झकास! आमचा वैजनाथसुद्धा ओच. सात पिढ्यांत कुणाला चष्मा न्हाई.”

राजकन्येला वैजनाथ दिसतच नव्हता. समोर एक निळा शर्ट होता, त्याच्यावर गव्हाळ ठिपका. तो हसतोय की तोंड फिरवून बसलाय, काही कळेना. चहाचा ट्रेसुद्धा तिनं मावशीला धरून कसाबसा आणला होता. मावशी तिच्याहून चारच वर्षांनी मोठी. भलत्याच माणसाच्या पाया पडू नये म्हणून आताही ती तिला चिकटून बसली होती. लातूरला बीएस्सी करणारी पोर, अन् स्वतःच्या घरात आंधळी कोशिंबीर! राजकन्येला रडू यायला लागलं. इथं हो म्हटलं की संपलं, मग सासरी जन्मभर असंच चाचपडायचं.

“मग, मुलगा पसंत हाय ना, बाई?” शेषेरावांनी विचारलं.

आईनं मागून चिमटा काढला. म्हणजे हाव म्हण.

ज्याचं तोंड दिसत नाही त्याला हो कसं म्हणायचं?

“आई, माझा चष्मा दे,” ती म्हणाली. “बघितल्याबिगर कसं सांगू?”

आई जागची हलेना. मग राजकन्येनंच तिच्या कमरेचा चष्मा ओढला आणि डोळ्यांवर चढवला. शेषेरावांनी बशी खाली आदळली.

“लबाडी! शुद्ध लबाडी! ऊठ रे वैजनाथ, चल.”

वैजनाथ उठला, पण दाराकडं वळला नाही. राजकन्येला आता तो लख्ख दिसत होता. पोरगा लई देखणा नव्हता, पण चेहरा गरीब होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर खळगे पडले होते. सगळं बळ एकवटून, डोळे बारीक करकरून तो मावशीकडं बघत म्हणाला, “मामा, मला ही पोरगी पसंत हाय.”