लेखी सल्ला

"भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद. मग मेंदू कशावर चालणार तुमचा?" डॉक्टरांनी विचारलं आणि चहात बिस्किट बुडवलं.

बिस्किट वेळेत बाहेर निघालं नाही. अर्धं गळून कपात पडलं. तो हाताची घडी घालून बघत राहिला. तुमचा यावर चालतो वाटतं, असं अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या.

"म्हणजे हा आहार तुम्ही लिहून देणार नाही?"

"मी काय, कुठलाच शहाणा डॉक्टर देणार नाही. चला, पुढचा पेशंट!"

बाहेर बाकावर बायको रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्याने खिशातून वही काढली, तारीख घातली आणि उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या.

"काय म्हणाले हो?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःचं पोट टेबलावर ठेवून बसलाय, आणि मला पथ्य शिकवतो."

साखर त्याला सहा वर्षांपासून होती. गोळ्या वाढत वाढत चारवर गेल्या होत्या, आणि तीन महिन्यांची सरासरी तरीही नऊच्या वर. एका सकाळी बायकोने त्याच्या टाचेत रुतलेली टाचणी उपसून काढली. ती कधी रुतली हे त्याला कळलंच नव्हतं. टाचणी हातात धरून बायको रडत बसली होती.

दुसरा डॉक्टर मोठा तज्ज्ञ होता. दीड महिन्याने वेळ मिळाली आणि भेट चार मिनिटांत आटपली. त्याने संगणकावरची नजर काढली नाही. "इंटरनेटवर वाचून आलात?" एवढं विचारून त्याने छापील आहाराचा कागद पुढे सरकवला. बाहेर येताना याने पाहिलं, आधीच्या म्हातारबुवांच्या हातात तोच कागद होता, आणि त्यांच्याही आधीच्या बाईंच्या पर्समधून तोच डोकावत होता.

"एवढं शिकून शेवटी कागद वाटायचे," तो जिन्यात म्हणाला. "ते काम तर चौकातला जाहिरातवालाही करतो. आणि तो निदान तोंडाकडे बघतो."

तिसरा गोड बोलला. तो म्हणाला, "करा की. माझा मेव्हणा हेच करतोय, छान गुण आलाय."

"मग द्या लिहून."

तिसऱ्याचं पेन हवेतच थांबलं. "लिहून कशाला? तोंडी सांगतोय ना. उद्या काही झालं, तर उगाच माझ्या गळ्याशी यायचं."

"यांच्या पाठीचा कणा एक्स-रेमध्ये तरी दिसतो का?" घरी पोचेपर्यंत तो हेच बडबडत होता. बायको म्हणाली, "जाऊ दे ना, आपण आपलंच सुरू करू."

"नाही. डॉक्टरने लिहूनच द्यायला हवं."

चौथी सापडली ती एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, खालून येणारी इस्त्रीची वाफ आणि पाच प्लास्टिकच्या खुर्च्या. डॉक्टरीण चाळिशीची असेल. तिने आधी त्याचे बूट-मोजे काढायला लावले, गुडघ्यावर बसून दोन्ही तळपाय तपासले, मग पाऊण तास प्रश्न विचारले. बायकोलाही विचारले.

"जमेल," शेवटी ती म्हणाली. "पण मूत्रपिंडाची तपासणी आधी. साखर रोज मोजायची. गोळ्या मी कमी करीन, तुम्ही स्वतः नाही. हे सगळ्यांना मानवत नाही, तुम्हालाही नाही मानवलं तर थांबवायचं."

"लिहून द्याल?"

"हो, देईन की." तिने सरळ लिहिलं. काय खायचं, काय सोडायचं, कोणती गोळी किती कमी. खाली सही केली, शिक्का मारला.

त्याने कागद दोनदा वाचला आणि नीट घडी करून वहीत ठेवला. बायकोने इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्याने पथ्य अक्षरशः पाळलं. अंडी, पालेभाज्या, मासे. लग्नाच्या जेवणातही गोडाला हात लावला नाही. दर महिन्याला तो लाँड्रीचा जिना चढायचा, वही उघडायचा, आणि प्रत्येक बदल तिच्याकडून नव्याने लिहून घ्यायचा. चौथ्या महिन्यात चारातल्या तीन गोळ्या बंद झाल्या. तळव्यांना फरशीचा गारवा कळू लागला. बायकोने आभार मानत डॉक्टरणीचे दोन्ही हात धरले.

"आभार कसले? यांच्यासारखा टापटिपीचा पेशंट मला मिळाला नव्हता," डॉक्टरीण म्हणाली. मग तिने टेबलावरचं एक पाकीट उचललं. "खरं तर मलाच तुमची मदत हवी आहे. डॉक्टरांच्या मंडळाची नोटीस आलीय. मी अशास्त्रीय आहार देते म्हणे. तक्रार कोणाची, तेही सांगत नाहीत. बुधवारी चौकशी आहे. तुम्ही याल का?"

"येणार म्हणजे काय, येणारच," तो म्हणाला.

बुधवारी ती मंडळाच्या सभागृहात एकटीच बसली होती. तो दारातून आत आला तसा तिचा चेहरा उजळला. "आलात!" ती अर्धवट उठत म्हणाली.

तो तिच्या शेजारून पुढे गेला आणि तिच्या सहीशिक्क्याचे चारही कागद त्याने अध्यक्षांसमोर ओळीने मांडले.

"मंडळाचा तपासनीस म्हणून सात महिने शोध घेतला, साहेब. चौघांकडे गेलो. लेखी देणारी ही एकटीच."

अध्यक्षांनी कागद चाळले, रिपोर्ट पाहिले. चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. "तुमची स्वतःची साखर आता किती आहे?"

"तीन महिन्यांची सरासरी पाच पूर्णांक आठ."

"आणि तरीही शिफारस काय करताय?"

"परवाना रद्द," तो म्हणाला. "साखर ही माझी खाजगी बाब आहे."