संत इलियासची चढण

तिसऱ्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

वदादने हातब्रेक ओढला आणि मागच्या चाकाला दगड लावायला ती खाली उतरली. मागे दहा हातांवर बेरूतहून आलेला ट्रक उभा होता, गाडी वाहून न्यायला. ड्रायव्हरशेजारी तिचा धाकटा भाऊ शुक्री बसला होता. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय ताई, दमली का म्हातारी?"

"तुझ्यापेक्षा बरी आहे ती," वदाद म्हणाली.

बहीण-भावात काय ठरलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. संत इलियासच्या सणाला गाडी स्वतःच्या दमावर, कुणी हात न लावता, टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढली तर घरात राहील. नाहीतर ती बेरूतच्या एका हॉटेलवाल्याची. तो ती दारात उभी करून आत फुलांच्या कुंड्या मांडणार होता. दुसऱ्या महायुद्धाआधीची, बापाची गाडी! साडेचार वर्षं वदाद घराखालच्या खोलीत, जिथे पूर्वी रेशमाचे किडे पाळत, तिच्यापुढे गुडघे टेकून बसली होती. तळाच्या कुजलेल्या फळ्या काढून तिने अक्रोडाच्या बसवल्या. सीटचं कातडं चांभाराच्या आरीने स्वतः शिवलं. निवृत्त मास्तरणीने गुडघे चर्चमध्ये टेकावेत, असं शेजारणी म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची आणि पाना मागायची.

आता तिने बॉनेट उघडलं. ठिणगी होती. पाणी होतं. टाकी निम्मी भरलेली होती. तिने हँडल मारलं. इंजिन खोकलं, चार ठोके चाललं आणि पुन्हा बसलं. खालच्या अंगणांतून लोक बघत होते, वर चर्चच्या कठड्यावरूनही बघत होते. आमच्या गावात कुणाची फजिती बघायची राहून गेली तर लोकांना जेवण जात नाही.

पुस्तकात होतं ते सगळं तिने केलं होतं. फक्त ही गाडी चढावर तिने कधी चालवली नव्हती. ती सात वर्षांची असताना बाप गेला, आणि गाडी त्या खोलीत गेली ती गेलीच.

"हॉटेलात बरी दिसेल गं!" शुक्री ओरडला. "सावली असेल तिथे."

वदादच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते.

पुढच्या सीटवर तिची आई, शहाऐंशी वर्षांची अफ़ीफ़ा, हातात रुमाल धरून ताठ बसली होती. दुसऱ्यांच्या नव्या गाडीतून चर्चला जायला ती सहा वर्षं नकार देत आली होती.

"अगं, वळव की," ती म्हणाली.

"कुठे वळवू, आई?"

"उलटी कर. ही इथून उलटीच वर जाते. लग्नात तुझ्या बापाने मला अशीच नेली. चर्च येईपर्यंत अंगणात उभी असलेली माझी आई मला दिसत राहावी म्हणून."

वदाद तिच्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर सीटवर गेली. सीटखाली टाकी. पंप नाही. पेट्रोल आपलं आपण उतारावरून इंजिनात जायचं. चढावर नाकच वर गेलं तर ते जाणार कसं? उलटी चालवली की इंजिन खाली!

तिला हसू फुटणार होतं. तिने ते गिळलं. पासष्ट वर्षं जपलेली गोष्ट आईच्या हातून कोण काढून घेणार?

"हो आई," ती म्हणाली. "दिसायलाच हवी होती." आणि मग जोरात, "शुक्री! ट्रक मागे घे!"

झऱ्यापाशी रस्ता जरा रुंद आहे. तिथवर तिने गाडी मागे सोडली, तिथे वळवली, हँडल मारलं. वदाद मान मागे वळवून चालवत होती. आईचं तोंड दरीकडे, म्हणजे सरळ मागून येणाऱ्या ट्रकच्या काचेकडे होतं. तिसरं वळण गेलं. चौथं गेलं. इंजिनाचा ठोका चुकला नाही. काचेमागचं शुक्रीचं हसू हळूहळू मावळत गेलं. अंगणातली माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली, आणि बायकांनी जिभा फिरवून आरोळी दिली, लग्नात देतात तशी. खाली आईच्या माहेरच्या अंगणात आता दुसऱ्यांच्या कोंबड्या होत्या. अफ़ीफ़ाने तिकडे रुमाल हलवला.

गाडी चर्चच्या दारात पोहोचली तेव्हा घंटा वाजत होती. शुक्री हट्टी, पण शब्दाचा पक्का. त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "जा बाबा. कुंड्यांसाठी दुसरं काहीतरी बघा." मग गाडीला एक फेरी मारून त्याने विचारलं, "पण उलटी का, ताई? अच्छा, पेट्रोल! म्हणजे बाबांनी आईला..."

वदादने त्याच्या पायावर पाय दिला.

"तुडवतेस कशाला त्याला?" अफ़ीफ़ा म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलंय मला. तुमच्या बापानेच सांगितलं. खोटं पचायचं नाही त्याला."

पाद्री पवित्र पाण्याचं भांडं घेऊन आला आणि बॉनेटसमोर उभा राहिला.

"तिथे नको, अबूना." दोन्ही मुलांच्या खांद्यांवर हात टेकून अफ़ीफ़ा उठली, तिने सीट उचलायला लावली. वदादने टाकीचं झाकण घाईघाईने घट्ट केलं. "इथे शिंपडा. माझी आई मला हिनेच दाखवली."